सूची बिघडली म्हणजे दप्तर बुडाले नव्हे



शाळेच्या दप्तरात दोन प्रकारचे कागद असतात. एका प्रकारच्या कागदांवर प्रत्यक्ष नोंद असते. दुसऱ्या प्रकारचे कागद ती नोंद कोठे सापडेल एवढेच सांगतात. जनरल रजिस्टर हे पहिल्या प्रकारातले होय. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस हे सर्व तेथे असते. या रजिस्टराच्या जोडीला एखादा दक्ष मुख्याध्यापक आडनावांच्या अनुक्रमाने एक यादी करून ठेवतो आणि प्रत्येक नावापुढे रजिस्टराचा अनुक्रमांक मांडतो. ही यादी म्हणजे सूची. ती वाळवीने खाल्ली किंवा तिच्यात क्रमांक चुकीचा पडला, तर मुलाची नोंद नाहीशी होत नाही. तिच्याकडे जाण्याची जवळची वाट तेवढी बंद होते. अशा वेळी शहाणा शिक्षक रजिस्टराचे पहिले पान उघडतो आणि ओळीने वाचीत जातो. उशीर होतो खरा, परंतु नोंद हाती लागते.

कागदाच्या दप्तरात हा भेद कोणीही विसरत नाही, कारण रजिस्टर आणि यादी या दोन वह्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या असतात. दप्तर संगणकावर गेले म्हणजे मात्र दोन्ही गोष्टी एकाच पडद्याआड जातात आणि भेद दिसेनासा होतो. मग शोधाच्या चौकटीत एक शब्द घालावा, ‘काही आढळले नाही’ असे उत्तर यावे, आणि पाहणाऱ्याने ‘असे पत्र या कार्यालयास आलेच नाही’ असा शेरा मारावा, असे सहज घडते. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोन विधानांत जे अंतर आहे, तोच या विवेचनाचा विषय होय. ते अंतर सर्वांत ठळकपणे दिसते ते टपालाच्या संगणकाचे, म्हणजे ईमेल सर्व्हरचे, सॉफ्टवेअर नवे केल्यावर शोध बंद पडतो तेव्हा. म्हणून त्या बिघाडाचाच विचार येथे क्रमाने केला आहे.

डिंभ्याचा दाखला

विषय यंत्राचा असला तरी त्याचे मर्म डिंभे परिसरातील शिक्षकास समजावून सांगावे लागू नये. येथे घोड नदीवर धरण झाले आणि त्याच्या जलाशयास याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव मिळाले. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले, ते मूळ गाव या जलाशयाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले, कचेऱ्या मात्र घोडेगावास आहेत. जुन्या पत्त्यांची वही हाती घेऊन कोणी आंबेगाव गाठू पाहील, तर त्याच्या पुढ्यात पाणी येईल. यावरून त्याने ‘या गावची माणसेच नाहीत’ असा निष्कर्ष काढला, तर त्यास कोणी शहाणा म्हणणार नाही. माणसे आहेत, ती इतरत्र वसली आहेत. पत्त्यांची वही तेवढी जुनी झाली आहे.

दुसरीही एक अडचण येथेच दिसते. पुणे शहरातही आंबेगाव बुद्रुक आहे. नुसते ‘आंबेगाव’ असे शोधणाऱ्यास तालुका आणि शहरातील ती वस्ती ही दोन्ही मिळतात. उलटपक्षी, डिंभे हे एकच गाव कोणी ‘डिंभे’ लिहितो, कोणी ‘डिम्भे’, तर कोणी ‘डिंबे’. म्हणजे वहीतील खूण रिकाम्या जागेकडे बोट दाखवते, एका नावाची दोन ठिकाणे असतात, आणि एका ठिकाणाची तीन नावे होतात. सूचीचे हे तीनही दोष जसेच्या तसे यंत्रातही आढळतात.

टपालाची सूची कशी तयार होते

ईमेल सर्व्हर म्हणजे आलेली पत्रे साठवून ठेवणारा आणि मागणी होताच ती दाखवणारा संगणक. त्यात समजा वीस हजार पत्रे आहेत आणि कोणी ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द शोधला. सूची नसेल, तर यंत्राला वीस हजार पत्रे एकामागून एक उघडून वाचावी लागतात. हे टाळण्यासाठी पत्र येताच, किंवा पहिल्या शोधाच्या वेळी, यंत्र ते वाचून ठेवते आणि शब्दांची यादी करते. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द अमुक, अमुक आणि अमुक क्रमांकाच्या पत्रांत आहे, अशी तिची मांडणी असते.

हे काम तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी उलगडण्याची. मराठी मजकुराचे पत्र तारेवरून जाताना बहुधा जसेच्या तसे जात नाही. १९९२ साली ठरलेल्या ‘माइम’ नावाच्या पद्धतीनुसार त्याचे सांकेतिक अक्षरांत रूपांतर होते. ते संकेत उलगडल्यावाचून त्यात ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द दिसणार नाही. दुसरी पायरी शब्द तोडण्याची. कोठे शब्द संपला आणि कोठे दुसरा सुरू झाला हे यंत्राला नियमाने ठरवावे लागते. तिसरी पायरी मांडण्याची. प्रत्येक शब्दापुढे पत्राचा क्रमांक लिहून ती यादी एका ठरावीक घडणीच्या फायलींत ठेवली जाते. या तीन पायऱ्यांपैकी एकीत जरी बदल झाला, तरी जुनी सूची आणि नवा शोध यांचा मेळ बसत नाही.

नवे सॉफ्टवेअर आले म्हणजे काय होते

डोव्हकॉट नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर ईमेल सर्व्हर म्हणून जगभर वापरले जाते. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी ते २००२ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्याची २.४ ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या संगणकप्रणालीतही हीच आवृत्ती होती, त्यामुळे प्रणाली नवी करणाऱ्या पुष्कळांकडे ती आपोआप आली. तिच्यात तीन गोष्टी बदलल्या. मांडणीची फाइल लिहिण्याची रीत बदलली, त्यामुळे २.३ची जुनी फाइल तिला चालेना. ल्युसीन व स्क्वॅट या नावांची सूची करणारी दोन जुनी अंगे काढून टाकण्यात आली. त्यांच्या जागी झेपियन या शोधग्रंथालयावर उभारलेले फ्लॅटकर्व्ह हे अंग आले.

याचा परिणाम सहज कल्पिता येतो. एखाद्या कार्यालयाचा सर्व्हर रात्री नवा केला. सकाळी पत्रे दिसतात, जातात, येतात. परंतु शोध करावा तर पडदा कोरा. जुन्या अंगाने लिहिलेली सूची नव्या अंगाला वाचता येत नाही. ती मोडी लिपीतल्या दप्तरासारखी कपाटात शाबूत असते, परंतु वाचणारा बदलला आहे. पत्रांना मात्र धक्काही लागलेला नाही.

कारणे आणखीही असू शकतात. कित्येक ठिकाणी शोधाचे काम सोलर नावाच्या स्वतंत्र सॉफ्टवेअरकडे सोपवलेले असते. टपालाचा सर्व्हर चालू झाला आणि सोलर बंदच राहिला, तर पत्रे मिळतात, शोध मिळत नाही. कधी सूचीच्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नव्या व्यवस्थेत हरवते. कधी जोडपत्रांतील मजकूर वाचून देणारे साहाय्यक साधन नव्या प्रणालीत बसवायचे राहून जाते. आणि कधी बिघाड काहीच नसतो. सूची नव्याने लिहिणे चालू असते, ते पुरे झालेले नसते एवढेच.

तपासाचा क्रम

बिघाड शोधताना क्रम सोडू नये. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच येथेही आहे. पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत. त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे यंत्राची विद्या नसलेल्या शिक्षकालाही देता येतात.

पहिला प्रश्न: मूळ पत्र आहे काय? शोधाची चौकट बाजूस ठेवावी. पत्र ज्या महिन्यात आले त्या महिन्यापर्यंत तारखेच्या क्रमाने मागे जावे आणि ते डोळ्यांनी पाहावे. दिसले, तर बिघाड सूचीचा ठरला. सूचीच्या तपासात दिसले नाही, तर दुसरे फोल्डर, नको असलेल्या पत्रांचे फोल्डर आणि पुसलेल्या पत्रांचे फोल्डर पाहावे. तेथेही नसेल, तरच पत्राच्या हरवण्याची चर्चा सुरू होते.

दुसरा प्रश्न: जुनी पत्रे सापडत नाहीत की नवी? सर्व्हर नवा केल्यानंतरची पत्रे सापडतात आणि त्यापूर्वीची सापडत नाहीत, तर जुनी सूची टाकून दिली गेली आहे व नवी पुरी लिहिली गेलेली नाही. उलट जुनी सापडतात आणि नवी नाही, तर नवीन पत्र येताच ते सूचीत चढवण्याची तरतूद बंद पडली आहे.

तिसरा प्रश्न: एकाच्या खात्यात असे घडते की सर्वांच्या? सर्वांच्या घडत असेल, तर दोष मांडणीत आहे. एकाच्याच घडत असेल, तर त्या खात्याची सूची बिघडली आहे, किंवा दोष सर्व्हरचा नसून त्याच्या स्वतःच्या संगणकातील ईमेल वाचण्याच्या सॉफ्टवेअरचा आहे. थंडरबर्डसारखी सॉफ्टवेअरे आपली वेगळी सूची घरच्या संगणकावर ठेवतात. ब्राउझरमधून खाते उघडून तोच शब्द शोधला, तर दोष कोणाकडे आहे हे तत्काळ कळते.

चौथा प्रश्न: इंग्रजी शब्द सापडतो आणि मराठी सापडत नाही, असे आहे काय? तसे असेल, तर दोष शब्द तोडण्याच्या पायरीवर आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र सांगितले आहे.

पाचवा प्रश्न: पत्राचा मजकूर सापडतो आणि जोडपत्रातला सापडत नाही, असे आहे काय? तसे असेल, तर साहाय्यक साधन पाहावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. परिपत्रकाचा फोटो काढून जोडला असेल, तर त्या फोटोत माणसाला अक्षरे दिसतात, यंत्राला केवळ चित्र दिसते. अक्षरओळख करणारे साधन मुद्दाम लावल्याखेरीज असे परिपत्रक शोधाला कधीही सापडणार नाही. तो बिघाड नव्हे.

एवढे झाल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्याने त्याची रोजनिशी, म्हणजे लॉग, वाचावी. परवानगी नाकारली, मांडणीतील अमुक शब्द अपरिचित आहे, शोधाचे अंग सापडले नाही, अशी साधी वाक्ये तेथे लिहिलेली असतात. ती न वाचता अनुमानाने उपाय करणे म्हणजे हजेरीपट न उघडता मुलाला गैरहजर ठरवणे होय.

दुरुस्ती आणि तिच्यातील धोका

कारण कळल्यावर उपाय सोपा असतो. पत्रे शाबूत असल्यामुळे त्यांच्यावरून सूची पुन्हा लिहिता येते. सूची पत्रांवरून होते, पत्रे सूचीवरून होत नाहीत, हे या विषयाचे मूलसूत्र आहे.

प्रथम पत्रांचा बॅकअप घ्यावा. मग मांडणी नव्या आवृत्तीच्या रीतीने दुरुस्त करावी. त्यानंतर डोव्हकॉटच्या ‘डोव्हॲडम’ या साधनाची ‘एफटीएस रीस्कॅन’ ही आज्ञा द्यावी. सूचीत काय आहे आणि पेटीत प्रत्यक्ष काय आहे यांचा मेळ ती पाहते. नंतर ‘इंडेक्स’ ही आज्ञा द्यावी. सूचीत न चढलेली पत्रे वाचून ती त्यांतील शब्द मांडते. पत्रे पुष्कळ असतील, तर हे काम तासन्‌तास चालते. त्या काळात शोध अपुरा असणारच. म्हणून हे काम शाळा-कार्यालयांच्या वेळेबाहेर करावे आणि सर्वांना आगाऊ कळवावे.

धोका एकाच ठिकाणी आहे आणि तो नामसाधर्म्याचा आहे. डोव्हकॉटमध्ये ‘इंडेक्स’ या नावाच्या दोन निराळ्या वस्तू असतात. एक शब्दांची सूची. ती पुसली तरी पुन्हा लिहिता येते. दुसरी प्रत्येक पेटीची अंतर्गत नोंदवही. पत्र वाचले की नाही, त्यावर खूण केली की नाही, हे तिच्यात असते. मेलडिर या साठवणपद्धतीत या खुणा पत्राच्या फायलीच्या नावातच लिहिलेल्या असतात, म्हणून ही नोंदवही गेली तरी त्या टिकतात. डीबॉक्स पद्धतीत मात्र त्या केवळ या नोंदवहीतच असतात. ‘इंडेक्स बिघडला आहे, पुसून टाका’ एवढे ऐकून कोणी ही नोंदवही पुसली, तर त्या खुणा कायमच्या गेल्या. काय पुसावयाचे आहे याची पुरती ओळख पटल्याखेरीज काहीही पुसू नये, हा नियम संगणकाला लागू आहे आणि शाळेच्या फळ्यालाही.

घरच्या संगणकावरील थंडरबर्डची दुरुस्ती याहून सोपी आहे. ते बंद करून त्याच्या खात्यातील ‘ग्लोबल मेसेजेस डीबी’ ही सूचीची फाइल पुसावी आणि ते पुन्हा चालू करावे. नवी सूची ते स्वतःच लिहू लागते.

मराठी शब्दाची अडचण

आता चौथ्या प्रश्नाकडे वळावयाचे. युनिकोड ही सर्व लिप्यांना क्रमांक देणारी पद्धती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि देवनागरी तिच्यात आरंभापासून आहे. तिच्या हिशेबी ‘डिंभे’ हा शब्द पाच संकेतांचा आहे: ड, वेलांटी, अनुस्वार, भ आणि मात्रा. यांत ड आणि भ ही अक्षरे गणली जातात, तर बाकीची तीन अक्षराला चिकटणारी चिन्हे गणली जातात. शब्द तोडणारा नियम धड नसेल, तर तो या चिन्हांशीच शब्द तोडतो आणि हाती ‘ड’ व ‘भ’ असे दोन तुकडे येतात. एका अक्षराचे तुकडे बहुधा निरुपयोगी म्हणून टाकून दिले जातात. मग सूचीत डिंभे उरतच नाही. डोव्हकॉटमध्ये शब्द तोडण्याचे एकाहून अधिक नियम निवडता येतात. सॉफ्टवेअर नवे करताना हा नियम बदलला, तर जुनी सूची एका नियमाची आणि शोध दुसऱ्या नियमाचा, असा पेच पडतो. नियम बदलला की संपूर्ण सूची नव्याने लिहिणे हाच उपाय आहे.

यंत्र बिनचूक असले तरी मराठीच्या काही गोष्टी उरतातच. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घालतात, काही साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी वाटतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तत्पूर्वी ते अ आणि चंद्र जोडून लिहीत, आणि अजूनही कित्येक तसेच लिहितात.

त्याहूनही जुना प्रश्न अनुस्वाराचा आहे. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि ‘गांव’चे ‘गाव’ झाले. त्याआधीच्या रजिस्टरांतून ‘आंबेगांव’ असे सापडते. ते रजिस्टर जसेच्या तसे संगणकावर उतरवले, तर ‘आंबेगाव’ या शोधाला ते सापडेलच असे नाही.

मग सामान्यरूपांचा विचार येतो. ‘शाळा’ शोधणाऱ्यास ‘शाळेत’ आणि ‘शाळेच्या’ सापडत नाहीत, कारण यंत्राला विभक्ती शिकवलेली नसते. शब्दाच्या आरंभावरून शोध करण्याची सोय असेल, तर ‘शाळ’ एवढेच लिहावे. त्यात तीनही रूपे येतात. ‘डिंभ’ लिहिले, तर ‘डिंभे’ही मिळते आणि ‘डिंभ्याच्या’ही. सामान्यरूप फळ्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाला ही युक्ती इतरांहून लवकर सुचेल.

शेवटची अडचण जुन्या फॉण्टांची. कृतिदेवसारख्या फॉण्टात लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द वाचकाला मराठी दिसतो. यंत्राने मात्र तेथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे साठवलेली असतात. त्या अक्षरांना देवनागरीचा अंगरखा चढवलेला असतो एवढेच. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज कोणतीही सूची त्यातला मराठी शब्द ओळखणार नाही.

नावांच्या या गोंधळावर टपालखात्याने पूर्वीच एक तोड काढली होती. सारख्या नावांची गावे आणि नाना भाषांतली नाना स्पेलिंगे यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन संकेतांक सुरू झाला. टपालखात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या योजनेचे जनक. नाव दहा तऱ्हांनी लिहिले तरी आकडा एकच राहतो, हे त्या योजनेचे बीज आहे. शाळेच्या पत्रव्यवहारास हीच युक्ती लागू पडते.

शिक्षकाचे काम

सर्व्हर दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु सर्व्हर बिघडला तरी शाळेचे काम अडू नये, एवढी तजवीज त्याला करता येते.

एक, प्रत्येक ईमेलच्या विषयाच्या ओळीत जावक क्रमांक, तारीख आणि शाळेचा यू-डायस क्रमांक घालावा. शब्द चुकेल, आकडा चुकणार नाही.

दोन, परिपत्रकाचा नुसता फोटो पाठवताना त्यातील विषय आणि मुख्य नावे मजकुरातही टंकलेखित करावीत. तेवढ्याने ते पत्र सापडण्याजोगे होते.

तीन, कागदावरील आवक-जावक नोंदवही चालू ठेवावी. यंत्रातील सूची बंद पडेल तेव्हा तारखेवरून पत्र गाठण्याची वाट तीच दाखवते.

चार, पाच खूणपत्रे ठरवून ठेवावीत: एक मराठी शब्दाचे, एक इंग्रजी शब्दाचे, एक जोडपत्राचे, एक चार-पाच वर्षांपूर्वीचे आणि एक कालचे. सर्व्हर नवा झाल्याचे कळताच ही पाच शोधून पाहावीत. कोणते सापडत नाही यावरून बिघाड कोठे आहे ते पुष्कळसे कळते आणि वरिष्ठ कार्यालयास ‘शोध चालत नाही’ यापेक्षा अधिक उपयोगी असे काही कळवता येते.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, ‘आढळ होत नाही’ असे लेखी उत्तर केवळ संगणकाच्या शोधावरून देऊ नये.

या पाचव्या सूचनेमागे एक गंभीर कारण आहे. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे आणि अनुसूचित जमातींविषयीचा ६ सप्टेंबर १९५० चा. जातीच्या दाव्याची पडताळणी होते, तेव्हा या तारखांपूर्वीच्या शाळानोंदीस मोठे वजन असते. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात आदिवासी वस्ती मोठी आहे. पुष्कळ घरांतून आजोबा-पणजोबांच्या काळचा एवढाच एक लेखी पुरावा असतो: शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ. ज्या कुटुंबाचे गावच पाण्याखाली गेले, त्याच्या दृष्टीने या ओळीचे मोल किती असेल हे निराळे सांगणे नलगे. त्या ओळीची प्रत शाळेने कार्यालयास ईमेलने पाठवली असेल, पुढे सर्व्हर नवा झाला असेल, आणि शोधाच्या चौकटीने ‘काही आढळले नाही’ असे म्हटले असेल, तर त्या तीन शब्दांवर एका मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश अडू शकतो. यंत्राने खोटे सांगितले असे नव्हे. त्याने आपल्या सूचीपुरते खरेच सांगितले. ते उत्तर दप्तराविषयीचे समजण्याची चूक माणसाची असते.

म्हणून असा प्रसंग येईल तेव्हा उत्तरात तीन गोष्टी लिहाव्यात: संगणकावर कोणत्या शब्दांनी शोधले, मूळ रजिस्टर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत पानोपान पाहिले, आणि नावाची कोणकोणती रूपे ध्यानात घेतली. एवढे लिहावयाचे ठरवले की एवढे पाहावेही लागते. आणि पानोपान पाहिल्यावर, ‘आंबेगांव’ या अनुस्वाराच्या आड दडलेली नोंद पुष्कळदा सापडते.

शाळेतील मुलांनाही हा भेद खेळातून शिकवता येण्याजोगा आहे. चौथीच्या पुस्तकाच्या एका पाठातील शब्दांची यादी मुलांकडून करवून घ्यावी आणि प्रत्येक शब्दापुढे पानाचा क्रमांक लिहवावा. मग पुस्तकाची दुसरी, निराळ्या पानांची आवृत्ती हाती देऊन त्याच यादीवरून शब्द शोधावयास सांगावे. शब्द भलत्याच पानावर निघाले की मुले बुचकळ्यात पडतील. कोणी म्हणेल पुस्तक चुकले, कोणी म्हणेल यादी चुकली. थोड्या वेळाने एखादे मूल उत्तर देईल की चुकले काहीच नाही, यादी त्या पुस्तकाची होती आणि हे पुस्तक दुसरे आहे. मग ती यादी पुन्हा करावयास सांगावी.